पाटीवरचे सहा थेंब

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला पुनमचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या बसस्टँडसमोर चपलेला टाके घालून घेत होतो. पुनम माझी मुलगी. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करते. कामाच्या वेळेत ती मला कधी फोन करत नाही.

"बाबा, कालपासून एक बाई ॲडमिट आहेत. साठीच्या असतील. ओठ निळे, नखं निळी. ऑक्सिजन चालू आहे तरी निळेपणा हटत नाही. आणि आत्ता रक्त काढलं तर... लाल नाहीच बाबा. काकवीसारखं आहे. नळी हवेत हलवून पाहिली, तरी लाल होईना."

चांभाराला मी हातानंच थांब म्हटलं.

"मी असलं रक्त कधी पाहिलं नाही," पुनम म्हणाली. "बाई तुमच्या गावच्याच आहेत. उमादेवी हालकुडे. मास्क बाजूला करून करून तुमचं नाव घेऊन राहिल्यात. तुम्ही ओळखता त्यांना?"

ओळखतो, एवढंच मी म्हणालो. एक चप्पल तशीच उसवलेली पायात घालून मी लातूरच्या गाडीत बसलो. त्रेचाळीस वर्षांची ओळख होती. पण ती कशी झाली, हे तिचे आईबाप गेल्यावर उमादेवी आणि मी सोडून जगात कोणालाही माहीत नाही असं मी धरून होतो, आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द मी तिला दिलेला होता.

२

माझं नाव संघपाल सोनकांबळे. चौतीस वर्षं मी सरकारी नोकरीत कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. गावोगाव जायचं, अंगावरचे फिकट चट्टे शोधायचे, पिसानं स्पर्श करून कळतं का बघायचं, आणि गोळ्या द्यायच्या. माझी पहिली नेमणूक भोकरला झाली. तिथं एका लिंगायत घरात सतरा वर्षांची उमा मला पहिल्यांदा दिसली. डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा. पीस फिरवलं तरी तिला कळत नव्हतं.

तेव्हा आमच्याकडं एकच औषध होतं, डॅप्सोन. पांढरी गोळी, रोज एक, वर्षानुवर्षं. तिनं सात वर्षं खाल्ली. मी गोळ्या वहीच्या पुठ्ठ्यात घालून नेत असे. ती पूर्ण बरी झाली, मगच बापानं तिचं लग्न अहमदपूरला लावून दिलं. पुढं माझी बदली अहमदपूरला झाली. बाजारात दिसली की ती "नमस्कार, भाऊ" म्हणायची आणि पुढं जायची. तिचा नवरा गेला, त्यालाही हे कळलं नव्हतं.

आठवड्यापूर्वी मात्र तिचा मला फोन आला होता. "भाऊ, ती पांढरी गोळी आता बदलली काय?"

"कंपन्या बदलतात, आकार बदलतो. का हो?"

"काही न्हाई. सहज."

मी पुढं विचारलं नाही.

दवाखान्यात तिच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि त्यांच्याखाली चेहरा शिसवासारखा पडला होता. दाराशी तिचा दीर मल्लिनाथ उभा होता. जुन्या बाजारात त्याचं जडीबुटीचं दुकान आहे. मुलगा महांतेश डॉक्टरांकडं गेला होता. मला बघून उमादेवीनं मास्क सरकवला. श्वास पुरत नव्हता.

"भाऊ... पोरीला... सांभाळा."

तिला लेक नव्हती. घरात पोर म्हणावी अशी एक सूनच होती, शिवकन्या. मी मान हलवली. तिनं माझा हात धरून ठेवला, आणि नर्सनं मास्क परत बसवला.

डॉक्टर मला ओळखत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, असा निळा माणूस मी नोकरीत एकदा पाहिलाय. त्यानं एकदम पुष्कळ डॅप्सोन गिळलं होतं. ते बघा."

त्यांनी ताबडतोब तपासणीला पाठवलं आणि मिथिलिन ब्ल्यूचं इंजेक्शन दिलं. निळं औषध शिरेत गेलं तसं तासाभरात तिच्या ओठांवर लाली आली. मल्लिनाथनं हात जोडले. पण हे विष अंगातून लवकर जात नाही. संध्याकाळी ओठ पुन्हा काळवंडले.

शनिवारी पहाटे उमादेवी गेली.

३

डॉक्टरांना औषधाचं नाव मी सांगितलं होतं. ते नाव कागदावर गेलं, कागद पोलिसांकडं गेला, आणि रविवारी सकाळी नऊला पोलीस हालकुड्यांच्या घरी डॅप्सोन शोधत आले. गोळ्या सापडल्या नाहीत. पण शिवकन्येच्या पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, आरोग्य केंद्राचं एक कार्ड सापडलं. सहा महिन्यांपासून तिच्यावर कुष्ठरोगाचे उपचार चालू होते.

दहा वाजेपर्यंत सगळ्या गल्लीला दोन गोष्टी कळल्या. शिवकन्येला तो रोग आहे, आणि तिनं त्याच रोगाच्या गोळ्या घालून सासूला मारलं.

शिवकन्येला पोलीस ठाण्यात नेलं हे कळताच मी तिथं पोचलो. फौजदार ऋतुजा केंद्रे टेबलावर कागद लावत होत्या. तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या.

"काका, औषध तुम्हीच ओळखलं म्हणे. उपकार झाले. आता काय?"

"तिनं केलं नसावं, असं मला वाटतं."

"वाटण्याला कारण?"

उमादेवीला दिलेला शब्द माझ्या तोंडावर आला आणि मी तो गिळला. "आधी सगळ्यांशी बोलू द्या मला," मी म्हणालो. "मग सांगतो."

त्यांनी कागद बाजूला सारले. "माझ्यासमोर बोला."

पहिल्यांदा मल्लिनाथ आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, आवाज मात्र चढलेला होता.

"वहिनीला साखर होती. मेथी, कारलं, जांभळाची बी, कडुनिंब, असं चूर्ण मी करून देतो. रोज सकाळी दोन चमचे. चाळीस वर्षं मी चूर्ण करून राहिलो, आजवर कोणाला काही झालं न्हाई! त्या बाईनंच त्यात कालवलं. रोज तीच भिजवून द्यायची."

"चव कशी असते त्याची?" ऋतुजाबाईंनी विचारलं.

"विखासारखी कडू. त्यात काय बी घाला, कळणार न्हाई." बोलून गेल्यावर त्यालाच ते लागलं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मरताना वहिनी काय म्हणाली, ह्यांनी बी ऐकलंय. पोरीपासून सांभाळा म्हणाली."

"पोरीला सांभाळा म्हणाल्या," मी म्हणालो.

"मी दाराशी होतो. महांतेशनं मला नंतर समजावून सांगितलं, तिला काय म्हणायचं होतं ते."

ऋतुजाबाईंनी ते लिहून घेतलं.

मग महांतेश आला. चौतीसेक वर्षांचा, पांढरा शर्ट, शांत. अहमदपूरच्या मोंढ्यात त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे.

"आईला हिचा रोग कळला, तिथून भांडण लागलं. बुधवारी दुपारी तर आई वरडत होती. शेजाऱ्यांना विचारा. पाकीट दाखव, पाकीट दाखव, करून. आईचं म्हणणं, असली सून घरात नको. मी मध्ये पडून गप करत होतो."

शेजाऱ्यांनी खरोखरच उमादेवीचा आवाज ऐकला होता. पाकीट दाखव, न्हाई तर उद्या मी स्वतः दवाखान्यात जाते, असं ती ओरडली होती. समोर कोण होतं ते कोणी पाहिलं नव्हतं.

"हिच्या गोळ्या कोण आणतं?" मी विचारलं.

"मीच. घरात बायका येतात-जातात, म्हणून पाकीट दुकानात ठेवतो. रोज सकाळी एक तांबडी कॅप्सूल, एक पांढरी गोळी कागदात बांधून हिच्या हातात देतो. एक दिवस चुकला न्हाई. घरात मयत झालेली, तरी आज बी दिली."

"म्हणजे तुम्ही दिल्या, आणि तिनं खाल्ल्या का साठवल्या ते तुम्हाला माहीत नाही," ऋतुजाबाई म्हणाल्या.

महांतेशनं मान खाली घातली. "मला कसं ठाऊक, बाई? मी विश्वास ठेवला."

चूर्णाची बरणीही त्यानंच आपण होऊन पोलिसांना आणून दिली होती. तळाशी चमचाभर चूर्ण उरलं होतं. सगळं शिवकन्येच्या अंगावर नीट बसत होतं. गोळ्या तिच्या, चूर्ण तिच्या हातचं, भांडण तिच्यावरून.

४

शिवकन्या महिला पोलिसांच्या खोलीत बाकावर बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, माहेर उदगीरचं. चेहऱ्याचा रंग तांबूस काळा झालेला. तांबडी कॅप्सूल असा रंग आणते, औषध संपल्यावर तो हळूहळू जातो. मला ते पाहताक्षणी कळलं. पोरीनं कॅप्सूल नेमानं खाल्ली होती.

"मी गोळ्यांवाला," मी म्हणालो. "भिऊ नको. सासूबाईंचं आणि तुझं भांडण होतं?"

तिनं डोळे वर केले. "आत्याबाईंचं? माझ्यासंगं?" ती म्हणाली, "त्यांनीच तर मला धरलं, भाऊ. माझं अंग काळं पडायला लागलं तसं त्यांनी एकदा कवाड लावून विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माहेरी धाडतील. त्यांनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, लई लोकं बरी होतात, तू बी होशील."

"मग बुधवारी कोणावर ओरडत होत्या?"

"मी माडीवर शेवया वाळू घालत होते. खाली हे होते."

ऋतुजाबाईंची पेन्सिल थांबली.

"आत्याबाईंनी माझ्याकडून एक पांढरी गोळी मागून घेतली होती. जिभेवर ठेवून बघितली. नंतर मला म्हणाल्या, गोळी खात जा, पण उगं माझ्या ह्या पोराच्या भरवशावर राहू नको."

"गोळी लागते कशी?"

"गोड. पुदिन्यावानी."

मी चौतीस वर्षं डॅप्सोन वाटलं. पुदिन्याची चव असलेलं डॅप्सोन मी कधी ऐकलं नव्हतं.

"गुरुवारी चूर्ण भिजवलंस तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"वाटीच्या बुडाला पांढरं बसलं होतं. हलवलं तरी विरघळंना. आमच्या बोरचं पाणी जड हाय, भांड्याला पांढरं धरतंच. मला वाटलं, तेच." आणि मग तिला त्याचा अर्थ कळला असावा. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझ्या हातानं दिलं मी. त्यांनी नेहमीवानी डोळे मिटून पिलं."

तिला सावरायला वेळ लागला. झडतीच्या वेळी तिच्या पदराच्या गाठीत सापडलेली एक पुडी महिला पोलिसानं टेबलावर ठेवली होती. त्यात एक तांबडी कॅप्सूल आणि एक पांढरी गोळी होती.

"सकाळी ह्यांनी दिली," शिवकन्या म्हणाली. "बायका भेटायला आल्या, खायला झालं न्हाई. गाठीत बांधली."

मी ऋतुजाबाईंना बाहेर बोलावलं. "मला एक चाचणी करू द्या. कोर्टात तिला किंमत नाही, ते मला माहीत आहे. तुमची कायदेशीर तपासणी नांदेडला होईल ती होईल. पण खोटं कुठं आहे ते आज दुपारपर्यंत दिसेल."

"काय काय लागेल?"

"चाचणीचं औषध माझी मुलगी लातूरहून घेऊन येईल. चूर्णाची बरणी. मल्लिनाथच्या दुकानातलं ताजं चूर्ण. हिची लघवी, आणि तुलनेला माझी."

"आणि आरोग्य केंद्रातलं एक सीलबंद पाकीट," त्या म्हणाल्या. "खरी गोळी समोर असल्याशिवाय खोटी कशी कळणार?"

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मलप्पा नावाच्या हवालदाराला आरोग्य केंद्रात पाठवलं, आणि तिथून पुढं दोन पंच घेऊन महांतेशच्या दुकानात.

५

दुपारी दोनला पुनम आली. मी घरून माझी जुनी चिनी मातीची पाटी आणली होती. पांढरी, वाटीसारखे बारा खळगे असलेली. पूर्वी रुग्ण गोळ्या खातो की फेकतो हे ओळखायला आम्ही हीच वापरत असू. टेबलाभोवती ऋतुजाबाई, पुनम, मल्लिनाथ आणि महांतेश उभे होते. शिवकन्या भिंतीशी बसली होती.

"हे कसं कळतं?" ऋतुजाबाईंनी विचारलं.

"गंधकाची भावकी लई मोठी, बाई. तुमच्या धुण्याच्या पावडरीत फेस करतं ते सल्फोनेट. त्याच भावकीतलं हे सल्फोन, म्हणजे आपलं डॅप्सोन. मध्ये गंधक, त्याला चिकटलेले दोन ऑक्सिजन, आणि दोन्ही बाजूंना एकेक कडं. त्या कड्यांच्या टोकाला जे असतं, ते पुनमनं आणलेल्या चाचणीच्या औषधाला भेटलं की गर्द पिवळं होतं, नारंगीकडं झुकणारं. साध्या लघवीनंही थोडा फिकट पिवळेपणा येतो, म्हणून शेजारी माझी ठेवतो."

पहिल्या खळग्यात माझी लघवी. पुनमनं औषधाचा थेंब टाकला. फिकट पिवळं.

दुसऱ्या खळग्यात शिवकन्येची. थेंब पडला. फिकट पिवळं. माझ्याइतकंच.

महांतेशनं श्वास सोडला. "बघा! हिच्या अंगात औषध न्हाईच. रोज मी देत होतो, आणि ही खात नव्हती. साठवून ठेवल्या."

मल्लिनाथ शिवकन्येकडं वळला. त्याच्या तोंडून शिवी निघणार होती, पण ऋतुजाबाईंनी हात वर केला. त्यांचाही चेहरा बदलला होता. चाचणी माझ्याच विरुद्ध गेल्यासारखी दिसत होती.

"खरं आहे," मी म्हणालो. "हे औषध थांबवलं तरी काही दिवस लघवीत दिसतं. हिच्या पोटात कित्येक दिवसांत एकही खरी गोळी गेली नाही. आता तिसरं."

तिसऱ्या खळग्यात मी पदराच्या गाठीतल्या गोळीचा चुरा स्पिरिटमध्ये घालून टाकला. ऋतुजाबाईंनी महांतेशला विचारलं, "ही आज सकाळी तुम्हीच दिलेली ना?"

"हो." मग घाईनं, "मला काय माहीत? तिनं बदलली असंल."

थेंब पडला. काहीच झालं नाही. रंगच आला नाही.

चौथा, सीलबंद पाकिटातली गोळी. थेंब पडताच खळगा गर्द पिवळा झाला. पुनमच्याही तोंडून "अगं बाई" निघालं.

पाचवा, मल्लिनाथच्या दुकानातलं चूर्ण. मळकट हिरवं, तसंच राहिलं. मल्लिनाथनं डोळे मिटले.

सहावा, घरच्या बरणीतलं चूर्ण. हिरव्या रंगातून पिवळा वर आला आणि कडेला नारंगी होत थांबला.

चूर्णात पांढरी गोळी होती. शिवकन्येच्या अंगात ती नव्हती. आणि तिला मिळत होती ती गोळी पांढरी असली तरी वेगळीच कसली तरी होती.

"पण बदलली कोणी, तिनं का यांनी?" ऋतुजाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मलप्पा आला. महांतेशच्या गल्ल्याखालच्या खणातल्या वस्तू पंचांसमोर सील करून त्यानं आणल्या होत्या. एक फोडलेलं पाकीट, अकरा दिवसांच्या कॅप्सूल आणि गोळ्या काढलेलं. आणि प्लास्टिकची एक बाटली, चघळून खायच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची. सोबत आलेल्या पंचांसमोरच मलप्पानं सील फोडून बाटलीतली एक गोळी काढून पदरातल्या गोळीच्या उरलेल्या तुकड्याशेजारी ठेवली. जाडी तीच. मधली रेघ तीच. वासही पुदिन्याचाच.

"शिवकन्या तुमच्या दुकानात कधी गेलीय?" ऋतुजाबाईंनी विचारलं.

"मला ह्यांनी दुकानाची पायरी चढू दिली न्हाई कधी," भिंतीशी बसलेली शिवकन्या म्हणाली.

महांतेश अजून तसाच उभा होता. "मी कशाला माझ्या आईला मारीन? आईच हिला काढा म्हणत होती. मी आईच्या बाजूनं होतो."

आता मला शब्द मोडावा लागणार होता. दुसरा रस्ता नव्हता. मी मल्लिनाथकडं पाहून बोललो, कारण त्यालाच ते सगळ्यात जास्त लागणार होतं.

"तुमच्या वहिनी हिला काढा म्हणूच शकत नव्हत्या. भोकरला असताना त्यांनी स्वतः सात वर्षं ही गोळी खाल्ली. मीच देत होतो. सतरा वर्षांच्या होत्या. बऱ्या झाल्या, लग्न झालं, मूल झालं. गोळी जिभेवर ठेवताच त्यांना कळलं की ही ती नव्हे. म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी त्यांना काहीबाही सांगून वाटेला लावलं. म्हणून बुधवारी त्यांनी पाकीट मागितलं, पण सुनेकडं नाही. पाकीट ज्याच्याकडं होतं त्याच्याकडं. आणि सात वर्षं जे औषध त्यांना बाधलं नाही, ते एखाद्या गोळीनं बाधणार नव्हतं. कोणीतरी पुष्कळ गोळ्या जमवल्या होत्या."

मल्लिनाथ खुर्चीवर बसला. "वहिनीला?" एवढंच म्हणाला.

महांतेश माझ्याकडं बघत होता. त्या नजरेत राग होता. मग तो रागही गेला आणि तो एकदम दमल्यासारखा दिसला.

"तिनं मला बी तेच सांगितलं," तो म्हणाला. "बुधवारी. कोपर उघडं करून दाखवलं. म्हणाली, माझ्या पोटचा हाईस, मला बी होतं. आता मी गल्लीत सगळ्यांना सांगते, म्हणजे ह्या पोरीला लपायचं काम न्हाई. मी लई हातापाया पडलो. ऐकंना."

"बायकोची गोळी का बदलली?" ऋतुजाबाईंनी विचारलं.

"वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, ह्या रोगावरून आता काडीमोड मिळत न्हाई, कायदा बदलला. मग म्हटलं, कॅप्सूल चालू ठेवावी. ती काळी पडंल, रोग बी हटणार न्हाई. लोकच बोलतील, तिचा बापच येऊन घेऊन जाईल. आईला मारायचं नव्हतं. गोळ्या साठत गेल्या होत्या, बस्स. खणात होत्या."

शिवकन्या उठली. तो तिच्याकडं बघत नव्हता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या तुमच्या आई होत्या हो," ती म्हणाली. "माझ्या हातून पाजलंत त्यांना."

त्यानं तोंड फिरवलं. मलप्पानं त्याला आत नेलं.

६

नांदेडच्या तपासणीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. व्हिसेरात, म्हणजे तपासायला काढून ठेवलेल्या अवयवांत, आणि चूर्णात डॅप्सोन निघालं. माझी रीतसर जबानी झाली. उमादेवीची गोष्ट त्यात लिहावी लागली, आणि गावात ती कागदाच्या आधी पोचली. हालकुड्यांच्या गल्लीतून मी दोनदा गेलो. ओळखीची माणसं आत वळली. मेलेल्या बाईला मी उघडं पाडलं, असं कोणी कोणी म्हणत होतं. रात्री-बेरात्री अजून मनात येतं, त्या फोनवर मी एक प्रश्न जास्त विचारला असता तर मला हा शब्द मोडायची वेळच आली नसती.

शिवकन्येचे वडील बसवंत उदगीरहून जीप घेऊन आले. ती गेली नाही. "उपचार इथं चालू हायत," ती त्यांना म्हणाली. "संपू द्या. मग ठरवू." ते पायरीवर बराच वेळ बसून राहिले आणि जेवून परत गेले. उपचार पहिल्यापासून मोजायचं डॉक्टरांनी ठरवलं होतं. आधीचे सहा महिने वायाच गेले.

नव्या पाकिटाच्या दिवशी मी आरोग्य केंद्रात गेलो. निवृत्त माणसाचं तिथं काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. सोमवार होता, ओपीडीला गर्दी होती. लेकरांना डोस द्यायला आलेल्या बायका, साखर तपासायला आलेले म्हातारे. बाकाच्या एका टोकाला शिवकन्या बसली होती आणि तिच्याशेजारी मल्लिनाथ, कपाळावर विभूती, मांडीवर हात. गल्लीत तो सात-आठ दिवस कोणाशी बोललाच नव्हता म्हणे. बाकावर त्यांच्या पलीकडं जागा रिकामी होती, आणि तीन बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी लांबच थांबलो.

सिस्टर खोलीच्या दारात आली. चांगली बाई आहे, गोपनीयता पाळणारी. तिनं हातातलं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि अगदी हळू, फक्त ओठांनी म्हणावं तसं, शिवकन्येचं नाव घेतलं.

शिवकन्या उठायला लागली. तिच्याआधी मल्लिनाथ उठला. त्याचा आवाज आधीच मोठा, त्यात तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. दारातले, भिंतीशी उभे असलेले, केसपेपर काढणारे, सगळे वळून बघायला लागले.

"मोठ्यानं हाक मारा, बाई," तो म्हणाला. "आमची सून हाय. शिवकन्या हालकुडे."

सिस्टर गोंधळली. मग तिनं वर्तमानपत्र काढून टेबलावर ठेवलं, पाकीट हातात घेतलं आणि सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"शिवकन्या हालकुडे!"

"हाव," शिवकन्या म्हणाली, आणि आत गेली.